कारण: बोलणे

सोमवार, ७ सप्टेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण गेल्या तिन्ही वेळा तू मधेच ठेवलास. घरी यावं म्हटलं तर मी दिवसभर गर्दी मोजत फिरतो आणि तुझं वय सदुसष्ट. म्हणून ऑफिसच्या शिपायाच्या हाती हे पाठवतोय.

काल आमच्या पथकाने केलेल्या पाहणीचा अहवाल आज टेबलावर आला. जसाच्या तसा उतरवतो:

“जलकुंभाजवळील मैदान. सकाळी नऊ. चोवीस इसम गोल करून उभे. परवानगी नाही. वाहनावरील भोंग्यातून तीन वेळा पांगण्याची सूचना दिली. जमाव जागचा हलला नाही. उलट पथकाकडे बघून हातवारे केले व हसले. आयोजक वृद्ध महिला. नाव विचारता ‘नीट लिहून घ्या, काना-मात्रा चुकवू नका’ असे उद्धटपणे म्हणाल्या.”

शेवटचं वाक्य वाचलं आणि पुढचं नाव वाचायची गरजच उरली नाही.

आत्या, काय चाललंय हे? सकाळच्या व्यायामाची टोळी जमवलीस की काय? नियम साधा आहे. उघड्यावर पाच माणसांपर्यंत कोणी विचारत नाही. पाचाच्या वर तीसपर्यंत जमायचं तर आधी लेखी परवानगी, मधे सहा फूट अंतर आणि वेळ एक तास. हा आजार तू शाळेत बाई होतीस हे बघून मागे फिरत नाही. दवाखान्यात खाट मिळेना म्हणून रडणारी माणसं मी रोज बघतो. पुढच्या वेळी गुन्हा दाखल होईल, आणि त्या कागदावर सही माझी असेल. या वयात पोलीस ठाण्याची पायरी चढायची हौस आहे का तुला?

एवढं माझं ऐक.

तुझा,
टिल्लू


मंगळवार, ८ सप्टेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नुसतं हसायला वाचलं.

अरे शहाण्या, भोंगा लावलात? त्यांच्यापुढे? त्या गोलात मला सोडलं तर एकालाही ऐकू येत नाही. जन्मापासून येत नाही. तीनदा काय, तुमचा माणूस घसा फुटेस्तोवर ओरडला असता तरी ते तसेच उभे राहिले असते. “जमाव जागचा हलला नाही” म्हणे! तुमच्यातला एक जण गाडीतून खाली उतरला असता, समोर येऊन हाताने नुसतं “जा” म्हणाला असता, तर सगळ्यांना कळलं असतं. पण उतरणार कोण? पायाला मेंदी लावली होती ना सगळ्यांच्या!

आणि ते हातवारे नव्हेत, ते बोलतात. आमचा छापखानेवाला शिंपिणीला सांगत होता, गाडीतल्या साहेबाची मिशी मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलीय बघ. म्हणून हसले. खिल्ली उडवली, एवढं मात्र तुमच्या अहवालात खरं आहे.

मी नोकरी सोडून नऊ वर्षं झाली, म्हणून तुला वाटलं आत्या आता हातपाय हलवत बसते. हे सगळे माझे जुने विद्यार्थी. कोणी पन्नाशीचा, कोणी तिशीचा. हा आजार आला, जगाने तोंडाला फडकी बांधली आणि यांचं अर्धं जग बंद झालं. ओठ दिसेनात. दुकानदार काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतो, कळेना. शिंपिणीने तोंडापुढे पारदर्शक तुकडा लावून सगळ्यांना मास्क शिवून दिले. ते तुमच्या पथकाला दिसले असतील तर उघडी तोंडं वाटली असतील. आणि अंतराचं मला शिकवू नकोस. हाताने बोलायला हात पसरावे लागतात, प्रत्येकाला सगळे दिसावे लागतात. आमचा गोल तुझ्या नियमाच्या आधीपासून सहा फुटांचा आहे.

आता मुद्द्याचं. त्या गोलात एक सुतार आहे. माझ्या अगदी पहिल्या वर्गातला, आज चोपन्न वर्षांचा. त्याची बायकोही ऐकू न येणारी. मूलबाळ नाही. जुलैच्या सुरुवातीला ती या आजारात गेली. तेव्हापासून त्याचे हात खिशात आहेत. दर रविवारी येतो, आपल्या जागी उभा राहतो, सगळ्यांचं बोलणं बघतो आणि जातो. दोन महिने झाले, माणूस एक शब्द बोललेला नाही. जिथे काम करतो तिथे त्याची भाषा कोणाला येत नाही, शेजाऱ्यांना येत नाही. गालफडं बसलीत पार. हा रविवारचा तासही काढून घेतलात तर तो कायमचा मिटून जाईल, हे मी लिहून देते. माणसं अशी मिटताना मी पाहिली आहेत.

परवा वाटलं होतं, आज बोलेल. हात खिशातून निघतायत असं वाटलं आणि तेवढ्यात तुमचा भोंगा. मला ऐकू आला. मुद्दाम थांबवलं नाही. काय करायचं ते कर.

परवानगी हवी म्हणतोस ना? दे मग. लेखी दे. तोंडी बोललेलं तू फिरवतोस, लहानपणापासून.

तुझी आत्या


बुधवार, ९ सप्टेंबर

ती. आत्यास, सा. न.

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. पथकाला बोलावून विचारलं, तर मिशीवाले म्हणाले, “साहेब, मला वाटलं माजलेत.” अहवालातलं हातवाऱ्यांचं वाक्य मी काढून टाकलंय. आणि हो, मिशी खरंच बाहेर येते.

सोबत अर्ज जोडलाय. नाव, जागा, संख्या, वेळ भर. आठव्या रकान्यात कारण लिहायचं. चालणारी कारणं खाली छापली आहेत: अंत्यविधी, प्रार्थना, बाजार, रक्तदान, व्यायाम. यात नसेल तर “इतर” आहे. परवानगी हातात पडेपर्यंत मात्र जमू नका. एवढा एक रविवार माझ्यासाठी.

टिल्लू


शुक्रवार, ११ सप्टेंबर

चि. टिल्लूस, आशीर्वाद.

अर्ज भरून पाठवतेय. संख्या चोवीस, मला धरून. आठव्या रकान्यात “इतर” वर खूण करून पुढे लिहिलंय: बोलणे.

तुमच्या यादीत मेलेल्याला पोहोचवायला जमता येतं, भाजी घ्यायला जमता येतं, बोलायला नाही. ही यादी करणारा माणूस घरी गेल्यावर बायकोशी काय करतो, विचारून ये.

या रविवारी थांबते. एकच रविवार. सुताराच्या घरी जाऊन चिठ्ठी दिली. त्याने वाचली, घडी घातली आणि दार लावून घेतलं.

आत्या


बुधवार, १६ सप्टेंबर

ती. आत्यास, सा. न.

अर्ज नामंजूर झाला. साहेबांनी लाल शाईत शेरा मारलाय, तो असा: “बोलणे हे एकत्र येण्याचे ग्राह्य कारण नाही. बोलणे दूरध्वनीवरूनही होऊ शकते.”

माहितेय मला, तू आता काय म्हणणार. मी त्यांना म्हणालो, साहेब, ही माणसं फोनवर बोलू शकत नाहीत. ते म्हणाले, मग ती बोलतच नाहीत, प्रश्न मिटला. तीनशे अर्ज पडलेत त्यांच्यापुढे. माणूस वाईट नाही, गेल्या महिन्यात त्यांचा सख्खा भाऊ गेला. उघड्यावर का होईना, गर्दी म्हटली की त्यांचं डोकं फिरतं.

पण वाट आहे. नवा अर्ज भर आणि कारण “व्यायाम” लिही. हात हलतातच, उभे असतातच, बघणाऱ्याला तसंच वाटेल. सकाळी अर्ज दे, दुपारी सही घे. तो अधिकार माझ्याच टेबलावर आहे, वर जायची गरज नाही. एका शब्दाचा प्रश्न आहे, आत्या. उगाच हात दाखवून अवलक्षण करू नकोस. तुला कागद हवा की भांडण हवं?

टिल्लू


शुक्रवार, १८ सप्टेंबर

टिल्लू,

तुझ्या साहेबाच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण “मग ती बोलतच नाहीत” हे वाचून मी तुझं पत्र चुरगळून फेकलं आणि पुन्हा उचलून सरळ केलं.

चोवीस जणांत चित्राचे फोन सहांकडे आहेत. चित्र अडकलं की वाक्य अडकतं. सुताराकडे तर साधाच आहे, तोही बायकोने दवाखान्याचे मेसेज वाचायला घेतलेला. हे तुझ्या साहेबाला सांग.

आणि व्यायाम मी लिहिणार नाही. का ते तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या बापालाही नाही. आता ऐक.

मी एकवीस वर्षांची असताना त्या शाळेत लागले. आम्हाला शिकवलं होतं की हाताने बोलू दिलं तर मुलं तोंडाने बोलायला शिकत नाहीत. हात म्हणजे शत्रू. वर्गात पोरांना हातांवर बसवायचो. मांडीखाली हात घालून, तासन्‌ तास. कोणी हात काढून शेजारच्याला काही म्हणालं की लाकडी पट्टी. मी हाताची चांगली होते, निशाणा चुकायचा नाही. वर म्हणायचे, “माकडचेष्टा बंद. माणसासारखं बोल.”

पहिल्या बाकावर आठ वर्षांचा एक मुलगा होता. भारी बडबड्या. त्याच्याइतकी पट्टी मी कोणाला मारली नाही. सहा महिन्यांत तो गप्प झाला. तोंडानेही नाही, हातानेही नाही. आम्ही बायका शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, सुधारला. दोन वर्षं त्याने कोणाला काही सांगितलं नाही. मग वरच्या वर्गात एक मुलगी आली, ती शौचालयाच्या मागे लपून त्याच्याशी बोलायची, तेव्हा कुठे पुन्हा सुरू झाला. तिच्याशीच लग्न केलं त्याने. आता तीही गेली.

तोच हा सुतार.

मला ती भाषा शिकायला पुढे दहा वर्षं लागली, आणि तीही मुलांनीच शिकवली. त्यांनी मला माफ केलं की नाही, विचारायची छाती झाली नाही. आणि तू म्हणतोस एका शब्दाचा प्रश्न आहे. अरे, ‘बोलणे’ हाच शब्द मी त्यांच्याकडून पट्टीने काढून घेतला होता. आता म्हातारपणी माझ्याच हाताने लिहून देऊ, की हे बोलत नाहीत, कसरत करतात? कागदासाठी? जीव गेला तरी नाही.

येत्या रविवारी आम्ही मैदानात आहोत. नऊ वाजता. चोवीस जण. तुझ्या मिशीवाल्याला सांग, खाली उतरून ये.

आत्या


सोमवार, २१ सप्टेंबर

ती. आत्यास,

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो.

तरीही रविवारी पहाटे मैदानाला कुलूप लावायचा आदेश मीच काढला. दुसऱ्या कोणी काढला असता तर कुलूप नसतं लागलं, चोवीस गुन्हे लागले असते. तू आलीस, कुलूप बघितलंस, सगळ्यांना घरी पाठवलंस, हे पथकाने सांगितलं. हेही सांगितलं की एक जण गेला नाही. बंद फाटकासमोर फूटपाथवर तासभर बसून राहिला, हात खिशात घालून.

आत्या, मी तुझा शत्रू नाही. पण नियम माझ्या बापाचा नाही. पाचाच्या वर एकत्र दिसलात तर माझाही हात बांधलेला आहे. पाच म्हणजे पाच.

टिल्लू


मंगळवार, २९ सप्टेंबर

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

पाच म्हणजे पाच ना? बरं झालं, लेखी दिलंस.

गुरुवारी सुतार माझ्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्यातूनच एक कागद पुढे केला. जाड पेन्सिलीने, पट्टी लावून काढलेला नकाशा. मैदानाचं फाटक, लॉन्ड्रीची गच्ची, बसथांबा, शाळेच्या पायऱ्या, जलकुंभाचा कट्टा. प्रत्येक ठिकाणी ठिपके: पाच, पाच, पाच, पाच आणि चार. मधल्या रेघांवर फूट लिहिलेले. सत्तर, पंचावन्न, ऐंशी. सुताराचं माप ते, इंचाची चूक नाही. कुठल्या जागेवरून कुठली दिसते ते बाणांनी दाखवलेलं. हे कसं सुचलं विचारलं तर खांदे उडवले. हात पुन्हा खिशात.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, तुम्ही ऐकणारे लोक सहा फुटांवरून घसा खरवडता. आमची माणसं ऐंशी फुटांवरून कुजबुजतात!

परवा, सत्तावीसला, नऊ वाजता सगळे आपापल्या जागी. कोणीही सहाव्या माणसाजवळ गेलं नाही. आणि मधल्या रस्त्यावरून, तुमच्या कुलूपबंद मैदानावरून, बोलणं सुरू. छापखानेवाल्याने बसथांब्यावरून विनोद सांगितला, गच्चीवर शिंपीण हसून खाली बसली. रिक्षावाले थांबून बघत होते, आणि त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा उलटं झालं बघ. आमच्या लोकांची मान कशी ताठ झाली होती!

सुतार जलकुंभाच्या कट्ट्यावर चारांत उभा होता. बोलला नाही. पण तासभर हलला नाही.

आता ये तुझी टेप घेऊन आणि सांग, कुठला नियम मोडला?

आत्या


गुरुवार, १ ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न.

तक्रार आली. बसथांब्यामागच्या दुकानदाराची. “पाच-पाच जण उभे राहून एकमेकांना इशारे करतात, काहीतरी कट आहे.” साहेबांनी मलाच पाहणीला पाठवलंय. येत्या रविवारी, चार तारखेला.

प्रश्न असा घातलाय: हा एक जमाव की पाच वेगळे गट? गटांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर नियम मोडला नाही. असेल तर चोवीसांचा एकच जमाव, विनापरवाना, आणि आयोजकावर गुन्हा. म्हणजे तुझ्यावर.

मी लिहू शकतो, “इसम जागच्या जागी हातवारे करीत होते.” बस. संबंध नाही, सुटलात. आणि “बोलत होते” असं लिहिलं की तू आत.

हात जोडतो. मला हातवारे लिहू दे. तुला काही करायचं नाहीये, सही माझी आहे, खोटं माझं आहे.

टिल्लू


शुक्रवार, २ ऑक्टोबर

टिल्लू,

लिहून बघ.

मी खुशाल आत जाईन. अंगावर घ्यायची चादर आणि चष्मा बांधून ठेवलाय. पण माझ्या भाच्याच्या हाताने पुन्हा तेच लिहिलं गेलं तर तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही, हे लक्षात ठेव.

आणि येशील तेव्हा डोळे उघडे ठेवून ये.

आत्या


बुधवार, ७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

रविवारी तू गच्चीवर होतीस, मी खाली. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. हरकत नाही.

टेप काढली आणि कट्ट्यापासून मोजायला लागलो. एकट्याने जमेना. तेव्हा तुझे सुतारकाका खाली उतरले, टेपचं दुसरं टोक धरलं, मी वाकडी धरली होती ती सरळ करून घेतली आणि चालत गेले. नकाशात ऐंशी लिहिलेलं अंतर ऐंशीच भरलं. परत येऊन टेप गुंडाळून माझ्या हातात दिली आणि हात खिशात. मी “थँक्यू” म्हणालो. मास्कच्या आतून, तोंडाने. किती मूर्ख आहे मी.

मग नुसता उभा राहून बघत होतो. पायऱ्यांवरची बाई गच्चीवरच्या एका माणसाला काहीतरी विचारत होती. तो सांगत होता, ती मानत नव्हती. बसथांब्यावरून तिसरा मधे पडला, दोघांनी त्याला झटकलं. एक अक्षर कळत नव्हतं मला, पण भांडण कोणाच्या बाजूला चाललंय ते कळत होतं. आपल्या घरी जेवताना चालायचं तसं. हे हातवारे आहेत असं लिहायला बसलो आणि पेन चालेना गं.

अहवाल दिला. तुला हवा तसा, लेखी:

“पाच गट. प्रत्येकात पाच किंवा कमी इसम. सर्वांस मास्क. दोन गटांतील किमान अंतर पंचावन्न फूट, स्वतः मोजले. सर्व इसम एकमेकांशी बोलत होते. दुरून बोलणाऱ्यांना एकत्र जमलेले मानता येत नाही, कारण बोलणे दूरध्वनीवरूनही होऊ शकते असा मा. साहेबांचाच शेरा दि. १६ सप्टेंबर रोजी फाईलवर आहे. नियमाचा भंग आढळला नाही.”

साहेबांनी आत बोलावलं. म्हणाले, “बोलत होते” खोडून “हातवारे करीत होते” कर, आत्ता सही करतो, विषय संपला. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, तू शहाणा आहेस का? मी म्हणालो, माझी आत्या म्हणते तसं, पण चांगल्या अर्थाने नाही. हसले नाहीत.

फाईल तशीच बिनसहीची पडलीये. गुन्हा दाखल करायला नियम सापडत नाही आणि मंजूर करायला त्यांचं मन होत नाही. माझं टेबल तेवढं हललं. कालपासून जन्म-मृत्यू नोंदणीत, तळमजल्यावर, खिडकीजवळ. पथक गेलं, गाडी गेली. रविवारी सुट्टी असते आता.

कट्ट्यावर चारच जण असतात. पाचवा चालेल का?

टिल्लू


मंगळवार, १३ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,
अनेक अनेक आशीर्वाद.

परवा तू सुताराच्या शेजारी उभा होतास, आणि तास संपल्यावर खालून मला ओरडून विचारलंस, “काय म्हणाले ते?” मी पाठ फिरवून जिना उतरले. रागावू नकोस. तेव्हा माझ्याने बोलवलं नसतं. आता सांगते.

तुला आठवत असेल, तूच सुरुवात केलीस. शिंपिणीने तुला घडीभरापूर्वी शिकवलेलं “जेवलात का?” तू त्याला विचारलंस. भीषण केलंस, कोपर भलतीकडे. त्याने तुझ्याकडे बघितलं. मग हात बाहेर काढले. पाची ठिकाणची माणसं थिजली. तो म्हणाला:

“नाही जेवलो. तीन महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तीच विचारायची. दवाखान्याच्या खिडकीतूनही हेच विचारायची. मला आत सोडत नव्हते. ती दुसऱ्या मजल्यावर, मी रस्त्यापलीकडे. नव्वद फूट, नंतर जाऊन मोजले. चार दिवस आम्ही तसे बोललो. तिच्या एका हाताला सुई टोचलेली, म्हणून दुसऱ्या एकाच हाताने बोलायची. अर्धे अर्धे शब्द. मला सगळे कळायचे. चौथ्या दिवशी ती काहीतरी लांबलचक सांगत होती आणि मधेमधे धापा टाकत होती. मला बघवेना. मी म्हणालो, पुरे. हात खाली कर. गप्प बस. तिने माझं ऐकलं. हात खाली केला आणि बघत राहिली. दुसऱ्या दिवशी खिडकीत कोणी नव्हतं. ती काय सांगत होती ते मला कधी कळणार नाही. मी तिला गप्प केलं. म्हणून मीही गप्प बसलो.”

टिल्लू, ते शब्द कोणी त्याला शिकवले ते मला माहीत आहे. पुरे. हात खाली. गप्प बस. आठव्या वर्षापासून, माझ्या वर्गात.

मग बसथांब्यावरून छापखानेवाल्याने विचारलं, “एका हाताने ती कशी बोलायची? दाखव ना.”

तेव्हा त्याने डावा हात पाठीमागे धरला आणि एकाच हाताने सुरू झाला. तिच्यासारखा. तिचं रागावणं, तिचं मान वेळावणं, त्याच्या पहिल्या टेबलाचा एक पाय आखूड झाला होता त्यावरून वीस वर्षं मारलेले टोमणे. तिचं माहेर, तिची शेजारीण, सगळं. शिंपीण रडत होती आणि हसत होती. तूही हसत होतास, ढ गोळ्या, एक शब्द न कळता.

तास संपला. आमचा तास आता कोणाच्या कागदावर नाही, पण उन्हं चढली, त्याचे हात थरथरायला लागले, आणि माझी शाळेतली सवय जाईना. मी गच्चीवरून विचारलं, “दमलास का? थांबायचं का?”

त्याने पाठीमागचा हात पुढे घेतला. दोन्ही हातांनी, मोठ्याने, समोरच्या दुकानदारालाही दिसेल असं म्हणाला, “नाही बाई. आता मी थांबणार नाही.”

आणि नाही थांबला.

तुझी आत्या